गमपला जागा नाही

"तू डावा हात दे," आप्पा म्हणाले. "उजवा माझा हाय."

आप्पांचा डावा हात प्लास्टरात होता. आदल्या आठवड्यात एका वरातीत बेंजोची हातगाडी उतारावर सुटली होती. गाडी धरावी की गाडीवरचा बेंजो, असा प्रश्न आला तेव्हा आप्पांनी बेंजो धरला. बेंजोला ओरखडासुद्धा आला नाही. आप्पांची तीन बोटं मोडली.

आमच्याकडचा बेंजो म्हणजे एक लांबट पेटी. खाली तारा आणि तारांवर टाइपरायटरसारख्या गोल कळा. उजव्या हातातल्या नखीनं तारा छेडायच्या आणि डाव्या हाताच्या बोटांनी कळा दाबायच्या. आमच्या होलार समाजात वाजवणं पिढीजात. आजोबा सनई वाजवायचे, आप्पा बेंजो. पण मी मॅट्रिक झाले तेव्हा आप्पांनी मला बेंजोला हात लावू दिला नाही. "कळाच दाबायच्या तर पगाराच्या दाब," म्हणून त्यांनी मला टाइपिंगच्या क्लासला घातलं. मी पंचायत समितीत टंकलेखिका झाले. त्याला दोन वर्षं होत नाहीत तोवर आप्पांचीच बोटं मोडली, लग्नसराई तोंडावर आली आणि बेंजो पार्टीतल्या सहा माणसांच्या पोटाचा प्रश्न उभा राहिला.

म्हणून एका बेंजोवर आम्ही दोघं बसलो. उजवीकडे आप्पा नखी घेऊन, डावीकडे मी.

"गाणं शेवटी," आप्पा म्हणाले. "आधी पलटे. मी छेडली की तू दाबायची. सारेग, रेगम, गमप, मपध. हं."

त्यांनी छेडलं, मी दाबलं. त्या दोन गोष्टींच्या मधे एवढी फट पडली की त्यातून बैलगाडी गेली असती.

आई चुलीपुढून म्हणाली, "दोघं मिळून एक भाकरी थापताय का काय?"

"तू गप. माले, पुन्ना. सारेग."

सकाळी ऑफिसला जाण्याआधी दोन तास आणि संध्याकाळी परत आल्यावर तीन तास. आप्पा तोंडानं मोठ्यानं "सारेग, रेगम, गमप" म्हणत आणि माझी बोटं मागून धावत. चौथ्या दिवशी फट निम्मी झाली. पण तोवर ते पलटे माझ्या कानात असे बसले की भांडी घासताना, चालताना, बसमध्ये तिकीट मागतानाही आतून तेच चालू असायचं. एकदा कंडक्टरनं "कुठं?" विचारलं, तर मी "पधनी" म्हणाले. त्यानं शांतपणे "तिकडं ही गाडी जात नाही" म्हणून सांगितलं.

आमचे बीडीओ कुलथे साहेब पत्र सांगताना डोळे मिटायचे आणि सही करतानाही उघडायचे नाहीत. त्या गुरुवारी त्यांनी हिंगणखोरी ग्रामपंचायतीसाठी एक पत्र सांगितलं. त्यांचा आवाज एकसुरी होता. टाइप करणाऱ्याचा हात डोक्यातलं लिहीत नाही, कानातलं लिहितो. पत्र गेलं आणि दुपारी कार्बनची प्रत फायलीला लावताना माझे डोळे पांढरे झाले.

"आपले हद्दीतील सारेग, रेगम व गमप ही कामे आठ दिवसांचे आत पूर्ण करून तसा अहवाल सादर करावा. विलंब झाल्यास आपणास व्यक्तिशः जबाबदार धरण्यात येईल."

साहेबांनी सांगितली होती ती कामं अशी: विहीर दुरुस्ती, गटार आणि पाणंद रस्ता.

मी धावत तांबोळी भाऊसाहेबांकडे गेले. आवक-जावक त्यांच्याकडे होती. सत्तावीस वर्षं नोकरी झालेला माणूस. त्यांनी प्रत वाचली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली.

"जावक क्रमांक पडलाय," ते म्हणाले.

"पण भाऊसाहेब, ही चूक आहे माझी."

"सही व्हायच्या आधी चूक होती. सही झाली की तो आदेश होतो, बाई."

"आता काय करू?"

"काही करू नका. कोण वाचतंय?"

हिंगणखोरीनं वाचलं. सहाव्या दिवशी तिथल्या ग्रामसेवकाचं, मगदूम नावाच्या माणसाचं, उत्तर आलं. सुबक अक्षरात लिहिलं होतं: "सारेग पूर्ण झाले आहे. रेगम प्रगतिपथावर आहे. गमपकरिता गावात जागा उपलब्ध नसल्याचे मा. सरपंचांचे म्हणणे आहे. तरी योग्य ते मार्गदर्शन व्हावे."

साहेबांनी ते मला मोठ्यानं वाचायला लावलं. वाचून झाल्यावर साहेबांनी डोळे उघडले.

"सारेग म्हणजे ती नवीन योजनाच ना?"

"हो... सर."

"वरून परिपत्रक आलं असेल. शोधून ठेवा." ते थोडा वेळ पंख्याकडे बघत राहिले. "सारेगला जागा आहे, रेगमला जागा आहे आणि गमपलाच नाही? हा सरपंच शेफारलाय. कळवा त्याला, मी शनिवारी स्वतः पाहणीला येतो."

घरी येऊन हे आप्पांना सांगावं म्हणून मी चप्पल काढली, तर आप्पाच खुशीत होते.

"माले, सुपारी आली. शनवारी. हिंगणखोरीत सरकारी उद्घाटन हाय."

"कशाचं?"

"कसल्या तरी सारेगचं. नाव ऐकलं आन् म्हणलं, ह्ये आपल्याबगार कोन वाजीवनार!"

मी खालीच बसले. मग सगळं सांगितलं. आप्पांनी ऐकून घेतलं, गंभीर झाले, आणि म्हणाले, "गमपला जागा न्हाई? सोपं तर असतं गमप."

"आप्पा, माझी नोकरी जाईल."

"जाईल तवा बघू. हात दे हिकडं."

शनिवारी मी दोन वाटांनी हिंगणखोरीला जाणार होते. टंकलेखिका म्हणून साहेबांबरोबर जीपमधून आणि बेंजोचा डावा हात म्हणून आप्पांबरोबर टेंपोतून. शरीर एकच असल्यामुळे जीपमधून गेले.

आम्ही पोहोचलो तेव्हा पार्टी येऊन चिंचेखाली बसली होती. एक म्हातारी कळशीतून त्यांच्या ओंजळीत पाणी ओतत होती. "दमानं प्या, बाबांनो," ती म्हणत होती. "वड्याच्या पल्याडनं आनलंय. सांडू नगा." ती कोंडाबाई, तिथल्या खालच्या वस्तीतली. गावात टाकी होती, नळ होते. वस्तीत नव्हते. मला ते तेव्हा तेवढंच दिसलं. माझं सगळं लक्ष सारेग कुठे आहे याकडे होतं.

सरपंच धुमाळांनी साहेबांना हार घातला आणि मोठ्या अभिमानानं पुढे नेलं. शाळेच्या अंगणात दीड हात उंचीचा एक चौथरा बांधला होता. चारी बाजूंनी कठडा, एका अंगाला तीन पायऱ्या, वर फीत. शाळेचं कुंपण मात्र दिसत नव्हतं. त्याचेच दगड चौथऱ्याला गेले होते.

"हे सारेग," सरपंच म्हणाले. "सार्वजनिक रेखीव गच्ची."

साहेब चौथऱ्याभोवती एक फेरी मारून आले. "गच्ची म्हटल्यावर खाली घर असतं ना?"

"घर आदेशात नव्हतं, साहेब."

साहेबांनी मान हलवली. "बरोबर आहे. आदेशाबाहेर जाऊ नये. पुढे?"

पुढे रेगम होतं. गावातल्या एकुलत्या एका गटारात काठोकाठ रेती भरली होती. "रेती-गटार-मोरी," सरपंच म्हणाले. "रेती झाली, गटार आधीचंच हाय. मोरी तेवढी ऱ्हायली."

"सांडपाणी कुठून जाणार?"

"आता कुठनंच जात न्हाई, साहेब."

साहेबांनी मला "प्रगती समाधानकारक" असं लिहून घ्यायला सांगितलं. मी लिहून घेतलं. आमच्याबरोबर जीपमधून आलेले तांबोळी भाऊसाहेब आभाळात ढग आहेत का ते बघत होते. ढग नव्हते.

"आणि गमप?"

सरपंचांचा चेहरा बदलला. "त्याला जागा न्हाई. आपण आधी चहा घेऊ."

चहा चालू असताना मी ग्रामसेवक मगदूमांना बाजूला गाठलं. हडकुळा, चाळिशीचा माणूस, शर्टाच्या खिशाला शाईचा डाग. मी म्हणाले, "सारेग म्हणजे सार्वजनिक रेखीव गच्ची, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"मीच ठरवलं."

"आणि गमप?"

"गरीब-मागास पाणी." त्यांनी सरपंचांकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "बाई, मी भजनात पेटी धरतो. वीस वर्षं. तुमचं पत्र उघडलं आणि माझी बोटंच हलायला लागली."

माझ्या हातातली वही खाली पडली. त्यांनी उचलून दिली.

"मग कळवलं का नाही? चूक झालीय म्हणून?"

"तीन वर्षं झाली. खालच्या वस्तीला टाकीपासून नळ द्यावा म्हणून मी प्रस्ताव पाठवतोय. नकाशासकट, सह्यांसकट. त्याला नीट नाव आहे, नियम आहे, म्हणून तो नीट फायलीत झोपलाय. म्हटलं, बिननावाचं एकदा पाठवून बघू. सरपंचांना गच्ची दिली, रेती दिली, त्यांना उद्घाटनं आवडतात. गमप त्यांना नको असणार हे माहीत होतं. म्हणूनच लिहिलं, जागा नाही. जागा नाही म्हटलं की साहेब स्वतः येतो."

एवढ्यात चिंचेकडून भोंगा खरखरला आणि साऱ्या गावाला ऐकू जाईल असा आप्पांचा आवाज आला:

"माले! कुठं हाईस? डावा हात लागतोय!"

साहेबांनी कप खाली ठेवला. "कोणाला बोलावतायत?"

"मला, सर."

"तुम्हाला? कशाला?"

"डाव्या हाताला, सर."

मी वही तांबोळी भाऊसाहेबांच्या हातात दिली आणि चिंचेकडे गेले. आप्पांनी सरकून जागा केली. ढोलवाला तयार होता, ताशेवाला तयार होता. साहेब हातात कात्री घेऊन फितीपुढे उभे राहिले.

"आप्पा," मी हळूच म्हणाले, "गाणं वाजवू या. कुठलंही. पलटे नको."

"गाणं कुठं येतंय तुला? पलटं येत्यात, पलटं वाजवायचं." आणि त्यांनी नेहमीच्या सवयीनं, माइकसमोरच, मोठ्यानं सुरुवात करून दिली. "सारेग! रेगम! गमप! हं!"

नखी पडली आणि माझी बोटंही पडली. दोन आठवड्यांत पहिल्यांदा मधे फट नव्हती. ढोलानं उचललं, ताशा घुसला. आप्पा भोंग्यावर "मपध, पधनी, धनीसा" असं ओरडत होते आणि आम्ही खालून वर, वरून खाली, एखाद्या जिन्यावर पळावं तसे चाललो होतो. पोरं गच्चीवर चढून नाचायला लागली. सरपंच टाळ्या वाजवत म्हणाले, "बघा साहेब, योजनेचं गाणंसुद्धा बसवलंय!"

साहेबांनी फीत कापली नव्हती. ते कात्री तशीच उघडी धरून उभे होते. त्यांचे डोळे, मी दोन वर्षांत कधी पाहिले नव्हते इतके, उघडे होते. त्यांनी आप्पांकडे पाहिलं, बेंजोकडे पाहिलं, माझ्या बोटांकडे पाहिलं. मग गच्चीकडे. मग लांबवर दिसणाऱ्या रेतीच्या गटाराकडे. त्यांचे कान आधी लाल झाले आणि मग सगळा चेहरा.

त्यांनी हात वर केला. आम्ही थांबलो. दीडशे माणसं गप्प झाली.

तेव्हा कोंडाबाई पुढे आली. काखेत रिकामी कळशी होती.

"सायेब, आत्ता भोंग्यावर गमप म्हनलं. त्ये आमचंच न्हवं का? मगदूम भाऊ म्हनलं हुतं, सायबाच्या सईचा कागद आलाय."

"कोंडे, तू मागं हो," सरपंच म्हणाले.

"मागंच हाय मी. कागद पुढं आलाय."

साहेबांना फक्त एक वाक्य बोलायचं होतं: ही टंकलेखिकेची चूक आहे. ते खरं होतं. ते बोलले असते तर माझी नोकरी त्याच जागी संपली असती, सरपंच सुटले असते आणि सगळे घरी गेले असते. फक्त, शाळेचं कुंपण पाडून बांधलेल्या बिनघराच्या गच्चीसमोर, कात्री हातात घेऊन, ते बोलावं लागणार होतं. मी बेंजोच्या कळांवर डोळे ठेवून बसले होते. आप्पांचा उजवा हात माझ्या मनगटावर आला आणि तिथंच राहिला.

"मगदूम," साहेब म्हणाले. "टाकीपासून वस्तीपर्यंत किती पाइप लागेल?"

"सव्वातीनशे फूट, साहेब. नकाशा खिशात आहे."

"खिशात आहे?"

"तीन वर्षं आहे."

"सरपंच, जागा नाही म्हणालात ती कुठली?"

"म्हंजे... जागा तशी हाय, साहेब. पर आमच्या बांधावरनं पाइप जातो, आन् लोक काय म्हनतील..."

"गमप माझ्या आदेशात आहे," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्या शब्दाला थोडा हलला, नंतर नाही. "सारेग झालं, रेगम झालं. गमप न करता पुढे जाता येत नाही. विचारा या मास्तरांना."

"न्हाई जाता येत," आप्पा लगेच म्हणाले. "पार गळा आवळतो."

सरपंचांनी "उद्या बघू" म्हणून पाहिलं. पण उद्या म्हटल्यावर कोंडाबाई गच्चीच्या पहिल्या पायरीवर बसली आणि म्हणाली, मी उद्यापर्यंत इथंच हाय. मग वस्तीतले तिघेचौघे कुदळी घेऊन आले. मग आणखी दहा. साहेबांनी नकाशा उलगडला, बुटाच्या टाचेनं बांधावर रेघ मारली आणि जीपमध्ये न बसता तिथेच उन्हात उभे राहिले. साहेब उभे म्हणून सरपंच उभे, सरपंच उभे म्हणून त्यांच्या घरची माणसं उभी. शेवटी नुसतं उभं राहून कंटाळलेल्या सरपंचांच्या पुतण्यानंही कुदळ घेतली.

"वाजवा की," कुणीतरी ओरडलं. "मुकं खणू का?"

हातगाडी चराच्या कडेनं लावली. आम्हाला पलट्यांखेरीज काही येत नव्हतं, म्हणून तीन तास पलटेच वाजवले. आप्पा छेडत होते, मी दाबत होते आणि कुदळी सम धरून पडत होत्या. "गमप" आलं की सगळे एकदम ओरडायचे. तिसऱ्या तासाला माझ्या बोटांची टोकं सुजून बोरांएवढी झाली. मी आप्पांकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावरून घाम वाहत होता आणि ते माझ्याकडे बघतच नव्हते. त्यांना आता बघावं लागत नव्हतं.

पाइप यायला एकोणीस दिवस लागले. पण चर खणलेला होता आणि खणलेला चर कुणाला बुजवता येईना, कारण तो बुजवायचा आदेश काढायला कुणी तयार नव्हतं. पहिलं पाणी आलं तेव्हा उद्घाटन ठेवलं नाही. कोंडाबाईनं कळशी लावली, भरली, आणि आधी एक तांब्याभर पाणी मगदूमांच्या पायांवर ओतलं. मगदूम "अहो बाई, चपला!" म्हणून मागे सरकले, असं मला नंतर कळलं. आज या गोष्टीला चाळीस वर्षं झाली. हिंगणखोरीच्या दप्तरात त्या नळाला अजून गमपच म्हणतात, आणि त्याचा अर्थ विचारणारा माणूस मला तरी भेटलेला नाही.

पण त्या शनिवारी मी परतही जीपमधूनच आले. पुढे ड्रायव्हर आणि साहेब, मागे मी आणि तांबोळी भाऊसाहेब. अर्धी वाट सरल्यावर साहेब समोर बघतच म्हणाले, "ऐवळे बाई, मी त्या पत्रात काय सांगितलं होतं?"

"विहीर दुरुस्ती, गटार आणि पाणंद रस्ता, सर."

"म्हणजे विहीर तशीच आहे."

"हो, सर."

"गटार तर बुजलं."

"हो, सर."

तांबोळी भाऊसाहेब झोपेचं सोंग करून बसले होते.

"ते मास्तर तुमचे वडील?"

"हो, सर."

"हात दाखवा."

मी मागून डावा हात पुढे केला. त्यांनी मान वळवून बोटं पाहिली. चार टोकं लालभडक, एक फुटलेलं. त्यांनी खिशातून रुमाल काढून माझ्या हातावर ठेवला आणि पुन्हा समोर बघायला लागले.

"सोमवारी रजा घ्या."

"हो, सर. आजच अर्ज टाइप करून ठेवते."

"नको," साहेब घाईघाईनं म्हणाले. "हातानं लिहा."